बातमीपत्रापासून श्रुतिकेपर्यंत: सामुदायिक रेडिओवरचा एक बोलका दिवस कसा बांधावा

सामुदायिक रेडिओ केंद्र नव्याने सुरू झाले की गाण्यांचा साठा हाताशी भरपूर असतो, बोलू शकणारी माणसे मोजकी असतात आणि महिनाभरातच दिवसाचे बहुतेक प्रक्षेपण गाण्यांनी भरून जाते. गाणी मोबाइलवरही ऐकता येतात. मात्र आज आपल्या बाजार समितीत कांदा काय भावाने गेला, उद्या कोणत्या गावांत वीज नाही आणि शेजारच्या वाडीतल्या बचत गटाने दुधाचा हिशेब कसा सोडवला, हे आपल्या बोलीत सांगणारे दुसरे कोणी नसते. म्हणून या लेखात गाणी बाजूला ठेवून, केवळ बोलक्या कार्यक्रमांचा एक दिवस कसा आखावा, लिहावा आणि ध्वनिमुद्रित करावा, याची पद्धत क्रमाने दिली आहे. नमुन्यासाठी ग्रामीण महाराष्ट्रातले एक केंद्र डोळ्यांपुढे ठेवले आहे: ५० वॅटचा प्रक्षेपक, जास्तीत जास्त ३० मीटर उंचीचा ॲंटेना, एकच स्टुडिओ, दोन पगारी माणसे आणि आठ-दहा स्वयंसेवक. म्हसवडची ‘माणदेशी तरंग’ किंवा बारामतीची ‘शारदा कृषी वाहिनी’ यांच्यासारखी केंद्रे ज्या प्रकारच्या परिसरात उभी राहिली, तोच परिसर येथे गृहीत धरला आहे.

पायरी १: आधी श्रोत्याचा दिवस लिहून काढा

कार्यक्रमांची यादी करण्याआधी एक कोरी वही घ्या आणि आठवडाभर चार-पाच घरांत, एका दूध संकलन केंद्रावर, एका शिलाईच्या दुकानात आणि एका चहाच्या टपरीवर जाऊन बसा. प्रत्येक तासासमोर दोनच गोष्टी लिहायच्या: या वेळी माणसाचे हात कशात गुंतलेले आहेत आणि कान किती मोकळे आहेत. पहाटे साडेपाच ते सात या वेळात गोठ्यात धार काढणाऱ्याचे हात अडकलेले असतात आणि कान मोकळे असतात. पण म्हैस हलली की त्याचे लक्ष उडते, म्हणून या वेळी दोन मिनिटांहून लांब तुकडा चालत नाही. दुपारी एक ते तीन या वेळात शिलाई यंत्रावर बसलेली बाई अर्धा तास सलग ऐकू शकते. फक्त यंत्राच्या आवाजावर मात करणारा स्पष्ट उच्चार हवा. संध्याकाळी सात ते साडेआठ या वेळात स्वयंपाक आणि जेवण चालू असते, घरातली तीन पिढ्यांची माणसे एकत्र असतात आणि शेजारच्या खोलीत दूरदर्शन संच असतो. मोबाइलवर एफएम ऐकणाऱ्याला इअरफोनची तार ॲंटेना म्हणून लावावी लागते, त्यामुळे तो एकटा ऐकतो. टपरीवरचा संच दहाजण ऐकतात. या नोंदींमधून वेळापत्रक जवळजवळ आपोआप उतरते. स्टुडिओत बसून ‘आपल्याकडे काय काय आहे’ या प्रश्नापासून केलेले वेळापत्रक मात्र मी टिकलेले पाहिलेले नाही.

आमच्या नमुन्यातला दिवस असा ठरला: सकाळी ६ ते ९ या वेळात बातम्या, हवामान, बाजारभाव आणि छोट्या सूचना, ९ ते १० या वेळात शेतीविषयक मुलाखत, दुपारी १ ते ३ या वेळात कथावाचन, रूपक (निवेदन, मुलाखती आणि आवाज गुंफून केलेला माहितीपर कार्यक्रम) आणि श्रोत्यांचे फोन, संध्याकाळी ६ ते ७ या वेळात सकाळच्या महत्त्वाच्या माहितीची ताजी आवृत्ती, साडेसातला श्रुतिका, म्हणजे रेडिओसाठी लिहिलेली नाटिका, आणि तिच्यानंतर उद्याच्या सूचना. सगळे मिळून सात तासांच्या आसपास होतात, पण त्यांतले नवे ध्वनिमुद्रण रोज दीड तासाहून अधिक असू नये. उरलेला वेळ थेट निवेदन, सहक्षेपण (दुसऱ्या केंद्राचा कार्यक्रम त्याच वेळी आपल्याकडून ऐकवणे) आणि पुनःप्रक्षेपण यांचा. दहा माणसांच्या बळावर याहून अधिक नवे काम घेतले तर तिसऱ्या आठवड्यात दर्जा घसरतो आणि दुसऱ्या महिन्यात स्वयंसेवक दिसेनासे होतात.

पायरी २: बातम्यांच्या बाबतीत आपली हद्द ओळखा

सामुदायिक केंद्राला स्वतःचे बातमीपत्र काढता येत नाही. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना आणि कृषी विज्ञान केंद्रांना रेडिओचा परवाना खुला केला, मात्र बातम्या आणि राजकीय स्वरूपाचे कार्यक्रम त्यातून वगळले. पुढे झालेल्या सुधारणांनुसार आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा, किंवा स्थानिक बोलीत अचूक भाषांतर करून, देता येतात. याखेरीज स्थानिक वाहतूक, हवामान, सांस्कृतिक कार्यक्रम व सण, परीक्षा, निकाल व प्रवेश, रोजगाराच्या संधी आणि स्थानिक प्रशासनाने दिलेल्या वीज, पाणी, आरोग्य व नैसर्गिक आपत्तीविषयक सूचना यांना ‘बातमी’ मानले जात नाही, आणि ग्रामीण श्रोत्याला सकाळी जे हवे असते त्यातले बहुतेक या यादीत बसते. म्हणून आकाशवाणीचे प्रादेशिक बातमीपत्र वेळेवर सहक्षेपित करावे आणि त्याला लागूनच स्वतःचे ‘माहितीपत्र’ ठेवावे. दोन्हींची संकेतधून, म्हणजे सुरुवातीची ओळखीची धून, वेगळी असू द्या, म्हणजे कोणते शब्द आकाशवाणीचे आणि कोणते आपले याबद्दल श्रोत्याच्या मनात घोटाळा होणार नाही.

पायरी ३: शब्द मोजून वेळ बांधा

प्रत्येक निवेदकाला एक मिनिटभर नेहमीच्या वेगाने वाचायला लावा आणि शब्द मोजा. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, म्हणून शब्द लांब आणि संख्येने कमी भरतात. आमच्याकडे बहुतेकांचा आकडा १०० ते १२५ च्या दरम्यान आला. हा आकडा निवेदकाच्या नावासमोर भिंतीवर लिहून ठेवा. पाच मिनिटांचे माहितीपत्र लिहिणाऱ्याने निवेदकाच्या वेगाला पाचाने गुणावे आणि त्यातून संकेतधून, दोन विराम व शेवटची उजळणी यांसाठी साधारण ६० शब्द वजा करावेत. वेळ संपत आल्यावर भराभर वाचणारा निवेदक आणि वेळ उरला म्हणून ‘तर मंडळी’ असे लांबण लावणारा निवेदक हे दोन्ही दोष लिहिणाऱ्याच्या टेबलावर जन्मतात.

पायरी ४: सकाळचे माहितीपत्र कानासाठी लिहा

केंद्रात येणारी माहिती परिपत्रकांच्या भाषेत येते. समजा वीज कंपनीकडून असा मजकूर आला: ‘तांत्रिक दुरुस्तीच्या कारणास्तव उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिनीवरील वीजपुरवठा दि. १२ रोजी स. १० ते दु. ४ या कालावधीत खंडित ठेवण्यात येणार आहे.’ वाचणाऱ्याला यात काही अडचण नाही, कारण तो मागे जाऊन पुन्हा वाचू शकतो. ऐकणाऱ्याला ती सोय नसते, आणि क्रियापद येईपर्यंत त्याने वीज जाणार की येणार हेच समजलेले नसते. तोच मजकूर असा लिहावा: ‘उद्या, बुधवारी बारा तारखेला, वीज जाणार आहे. सकाळी दहाला जाईल, दुपारी चारला येईल. ही गावे ऐकून घ्या.’ त्यानंतर गावांची नावे, दोन-दोनांच्या जोड्यांत, प्रत्येक जोडीनंतर किंचित थांबून. शेवटी: ‘विहिरीवरची मोटार दहाच्या आत चालवून घ्यावी.’ हे शेवटचे वाक्य परिपत्रकात नव्हते, पण ते लिहिता येण्यासाठीच लेखकाने गावात राहायचे असते.

आकडे हा रेडिओच्या लेखनातला सर्वांत घसरडा भाग आहे. बाजारभाव ‘एक हजार सातशे पन्नास रुपये’ असा वाचण्यापेक्षा ‘क्विंटलला साडेसतराशे’ असा वाचावा, कारण अडत्यापासून शेतकऱ्यापर्यंत सगळे व्यवहार सव्वा, दीड, अडीच आणि साडे यांतच चालतात. किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन भाव असले तर आधी सर्वसाधारण भाव सांगावा. सर्वांत चढा भाव आधी सांगितला तर तोच लक्षात राहतो आणि माणूस गाडी भरून निघतो. एकोणसाठ, एकोणसत्तर आणि एकोणऐंशी हे शब्द खरखरीत आवाजात कानावर सारखेच पडतात, म्हणून दूरध्वनी क्रमांक नेहमी एकेक अंकाने आणि दोनदा वाचावा.

हवामानासाठी भारतीय हवामान विभागाचा जिल्हानिहाय अंदाज घ्यावा. हिरवा, पिवळा, केशरी आणि लाल हे इशाऱ्यांचे रंग नुसते उच्चारू नयेत. केशरी इशारा असेल तर ‘तयारीत राहा, गुरे उघड्यावर बांधू नका’ असा त्याचा अर्थ त्याच दमात सांगावा. विजांसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप निवेदकाच्या मोबाइलवर असू द्यावे आणि परिसरात वीज पडण्याचा इशारा आला तर चालू कार्यक्रम थांबवून सांगण्याची मोकळीक त्याला आधीच लेखी द्यावी. ऐन वेळी परवानगी विचारायला कोणी भेटत नाही.

‘आज’, ‘उद्या’ आणि ‘काल’ हे शब्द जपून वापरा. एकदा आमच्या केंद्रावर जनावरांच्या लाळ्या-खुरकूत लसीकरणाची सूचना मी स्वतः ‘उद्या सकाळी’ अशा शब्दांत ध्वनिमुद्रित केली. तोच तुकडा दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा वाजला आणि तिसऱ्या दिवशी तेरा-चौदा शेतकरी गुरे घेऊन रिकाम्या मैदानावर उभे राहिले. त्या दिवसापासून नियम असा आहे, की थेट निवेदनात ‘उद्या, बुधवारी’ असे दोन्ही शब्द म्हणायचे आणि ध्वनिमुद्रित तुकड्यात फक्त वार आणि तारीख.

पायरी ५: शेतीची मुलाखत

कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी प्रसिद्ध होतो, म्हणून मुलाखतीचे ध्वनिमुद्रण त्याच दिवशी दुपारी ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला प्रक्षेपित केले तर सल्ला ताजा राहतो. मुलाखत सात ते दहा मिनिटांची असावी, आणि शक्य असेल तर ती शेतात घ्यावी. तज्ज्ञ मंडळी स्टुडिओत आली की ‘प्रादुर्भाव’, ‘एकात्मिक व्यवस्थापन’, ‘आर्थिक नुकसानीची पातळी’ अशी भाषा बोलू लागतात; हातात किडके पान दिले की तीच माणसे सरळ बोलतात. तरीही जड शब्द आलाच तर मुलाखतकाराने अजाणतेपणाचा आव न आणता श्रोत्याच्या वतीने विचारावे: ‘म्हणजे शेतात नेमके काय दिसेल?’ औषधाचे प्रमाण फवारणी पंपाच्या मापात, तज्ज्ञाच्याच आवाजात आणि दोनदा घ्यावे. निवेदकाने ते आठवणीने सांगू नये.

प्रश्न लिहून न्यावेत, पण वाचू नयेत. संकलन, म्हणजे मुद्रित मजकुराची काटछाट आणि जोडणी, करताना बहुतेक वेळा असे आढळते, की पहिले उत्तर पद आणि परिचय यांत गेलेले असते आणि खरे बोलणे दुसऱ्या उत्तरापासून सुरू होते. म्हणून परिचय निवेदकाने द्यावा आणि मुलाखत दुसऱ्या उत्तरापासून उघडावी. शेतातला अर्ध्या मिनिटाचा नुसता आवाज, म्हणजे वारा, पाटाचे पाणी, लांबचा ट्रॅक्टर, वेगळा मुद्रित करून आणावा; संकलनातले सांधे त्याखाली झाकता येतात. पुणे आकाशवाणीवर व्यंकटेश माडगूळकर अनेक वर्षे ग्रामीण कार्यक्रम सांभाळत होते. गावाचे बोलणे लेखकाच्या कानाने ऐकणारा माणूस अशा जागेवर असावा, ही अपेक्षा मराठी रेडिओला नवी नाही.

पायरी ६: दुपारचे दोन तास

दुपारी श्रोता सर्वांत स्थिर असतो, म्हणून सलग ऐकण्याचे कार्यक्रम येथे ठेवावेत. कथावाचनासाठी वीस मिनिटे पुरतात. कथा निवडताना हक्कांचा विचार आधी करावा: भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत स्वामित्वहक्क राहतो. हरि नारायण आपटे आणि राम गणेश गडकरी हे दोघेही १९१९ साली वारले, त्यामुळे त्यांचे लेखन मुक्त आहे. गेल्या पिढीतल्या लेखकांसाठी वारसांची लेखी परवानगी हवी. गावातल्या लेखकांकडून नव्या कथा घेणे बहुधा सोपे पडते. शिवाय निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार झालेले असावेत, ही परवान्याची अटही त्यातून पाळली जाते.

श्रोत्यांच्या फोनसाठी, थेट आवाज काही सेकंद मागे ठेवणारे यंत्र नसेल, तर फोन थेट हवेत सोडू नयेत. बारा ते एक या वेळात फोन घ्यावेत, मुद्रित करावेत, आणि दीड वाजता प्रक्षेपित करावेत. शिवीगाळ, बदनामी आणि पोरकट खोड्या यांतल्या बहुतेक अशाने गाळल्या जातात.

पायरी ७: श्रुतिका

दिवसातला सर्वांत खर्चिक कार्यक्रम हाच, आणि नव्या मंडळींची सर्वाधिक फसगतही येथेच होते, कारण श्रुतिका म्हणजे पडदा नसलेले नाटक अशी त्यांची समजूत असते. लांबी बारा ते पंधरा मिनिटे असावी. ‘विविध भारती’च्या ‘हवामहल’मुळे पंधरा मिनिटांच्या श्रुतिकेचा साचा श्रोत्यांच्या अंगवळणी पडलेला आहे. पात्रे चारांहून अधिक नकोत, आणि एका प्रवेशात तीनच. एकाच वयाच्या, एकाच पट्टीतल्या दोन बायका एका प्रवेशात असतील तर सासू कोणती आणि जाऊ कोणती हे तिसऱ्या मिनिटालाही कळत नाही. पात्रयोजना करताना कलाकारांना आपल्याकडे पाठ करून बसवावे आणि डोळे मिटून फक्त आवाज ऐकून निवड करावी. चेहऱ्यावरून केलेली निवड बहुधा फसते.

संवादात दिसणाऱ्या गोष्टी सांगण्याचा मोह होतो. ‘अरे रामा, हातात विळा घेऊन एवढ्या रात्री कुठे निघालास?’ हे वाक्य फक्त श्रोत्यासाठी आहे, रामाला त्याच्या हातात काय आहे ते माहीत आहे. त्याऐवजी आधी दगडावर विळा घासल्याचा आवाज येऊ द्यावा, लांबून रातकिडे ऐकू यावेत, आणि मग आईने विचारावे: ‘उद्याचं गवत आत्ताच कापणार का?’ घासण्याचा आवाज थांबतो. मुलगा म्हणतो: ‘बांधावरचं आहे.’ तंटा बांधाचा आहे हे श्रोत्याने स्वतः ओळखले, आणि म्हणून तो पुढे ऐकणार आहे.

आवाजाचे साहित्य घरातच सापडते. सुपात ज्वारी हळूहळू फिरवली की पाऊस होतो, बिस्किटाच्या पुड्याचे चुरचुरीत वेष्टन मायक्रोफोनजवळ चुरगाळले की चूल पेटते, नारळाच्या करवंट्यांवर टाप वाजते. पण प्रत्येक वाक्यामागे आवाज घालू नये. प्रवेशाच्या सुरुवातीला जागा कळण्यापुरता आवाज द्यावा, मग तो संवादाखाली दाबावा, आणि घटना घडते तिथेच पुन्हा वर आणावा.

ध्वनिमुद्रणासाठी ध्वनिरोधक खोली नसेल तर भिंतींना गोधड्या टांगाव्यात आणि मेजावर घोंगडी पसरावी. पंखा बंद ठेवावा, मोबाइल बाहेर ठेवावेत आणि देवळातल्या भोंग्याच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात. आमची चांगली ध्वनिमुद्रणे रात्री दहानंतरची आहेत. तोंड आणि मायक्रोफोन यांच्यात एक वीत अंतर असावे आणि मायक्रोफोन ओठांच्या किंचित बाजूला असावा, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ यांचा फटका बसत नाही. दुरून येणाऱ्या पात्राचा आवाज यंत्रावर कमी करून भागत नाही. कलाकाराने खरोखर चार पावले मागून बोलत यावे लागते, त्यासाठी जमिनीवर खडूने खुणा कराव्यात. संहितेच्या पानांना टाचणी लावू नये, प्रत्येक पान सुटे आणि एकाच बाजूला छापलेले असावे, आणि वाक्य एका पानावरून दुसऱ्या पानावर जाऊ नये. दोन वाचने, एक आवाजांसह तालीम आणि मग ध्वनिमुद्रण, एवढे केल्यास पंधरा मिनिटांच्या श्रुतिकेला साधारण तीन तास लागतात. म्हणून आठवड्याला दोनच नव्या श्रुतिका कराव्यात, उरलेल्या दिवशी जुन्या लावाव्यात.

श्रुतिकेतून शेतीची किंवा आरोग्याची माहिती द्यावी का, असे नेहमी विचारले जाते. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९५१ पासून देशभर ऐकू येणारी ‘द आर्चर्स’ ही मालिका युद्धोत्तर काळातल्या शेतकऱ्यांना नव्या पद्धती कळाव्यात या हेतूनेच सुरू झाली होती, आणि ती अजून चालू आहे. तेव्हा माहिती देता येते. मात्र ती पात्राच्या अडचणीत गुंतलेली असावी. ग्रामसेवक दारात येऊन योजना समजावून सांगतो आणि सगळे ‘वा, वा’ म्हणतात, अशी श्रुतिका संपायच्या आधी टपरीवरचा संच बंद झालेला असतो.

पायरी ८: सांधे आणि नोंद

आदल्या संध्याकाळी दिवसाचा क्यू शीट तयार करावा: वेळ, कार्यक्रम, फाइलचे नाव, पहिले शब्द, शेवटचे शब्द आणि लांबी मिनिट-सेकंदांत. शेवटचे शब्द लिहिलेले नसले की निवेदक कार्यक्रमाच्या मधल्या विरामालाच शेवट समजतो. वीज गेली तर काय वाजवायचे, त्यासाठी बॅटरीवर चालणाऱ्या संचावर अर्ध्या तासाचा तयार कार्यक्रम ठेवावा. जाहिराती ताशी १२ मिनिटांच्या मर्यादेत राहतात, पण श्रुतिकेच्या मध्ये त्या कधीही घालू नयेत.

प्रक्षेपित झालेले सर्व कार्यक्रम तीन महिने जपून ठेवणे बंधनकारक आहे, म्हणून फाइलच्या नावात वर्ष, महिना, दिवस आणि वेळ याच क्रमाने लिहावी. आठवड्यातून एका संध्याकाळी केंद्रातल्या एकाने स्टुडिओत न थांबता टपरीवर जाऊन श्रुतिका ऐकावी आणि नोंदवहीत फक्त एवढेच लिहावे: संच कितव्या मिनिटाला बंद झाला, किंवा कितव्या मिनिटाला कोणी आवाज वाढवला. रात्री उद्याच्या सूचना वाचून झाल्या की समाप्तीची उद्घोषणा करावी, प्रक्षेपक बंद केल्याची वेळ नोंदवावी, आणि सकाळच्या निवेदकासाठी क्यू शीटवर शिसपेन्सिलीने लिहून ठेवावे, की वीज बंदच्या सूचनेत कोणत्या गावाचे नाव वाढले आहे.